चाकांवरील गारवा

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले. सहा पाने भरून लिहिलेल्या त्या पत्रात प्रश्न तसा एकच आहे, परंतु त्या प्रश्नाभोवती सगळे घर उभे आहे. दीर आखातात नोकरीस आहेत. त्यांनी उन्हाळ्यासाठी म्हणून पैसे पाठविले आणि कळविले की, भिंतीवर बसवावयाचा एसी नको, चाकांवरचा घ्या, म्हणजे हवा त्या खोलीत नेता येईल. आता यजमानांचे म्हणणे असे की, तो माडीवर निजावयाच्या खोलीत ठेवावा, कारण दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसास रात्रीची झोप तरी मिळाली पाहिजे. मुलांचे म्हणणे असे की, तो सोप्यात टीव्हीजवळ ठेवावा. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्या माजघरात निजतात, आणि माजघरास खिडकी नाही. त्यांचे म्हणणे काय, हे पत्रात आलेले नाही. बहुधा ते कोणी विचारलेच नसावे. शेवटी भगिनी विचारतात की, यंत्र कोणत्या कंपनीचे घ्यावे, आणि असली चैन करणे ख्रिस्ती घरास शोभते काय?

कंपनीविषयी आम्ही काही सांगणार नाही. ते दुकानदाराचे काम आहे आणि तो ते आपण न विचारताही करील. चैनीच्या प्रश्नास मात्र उत्तर दिले पाहिजे. रविवारच्या प्रातःप्रार्थनेत धगधगत्या भट्टीत टाकलेल्या तीन तरुणांचे स्तोत्र आम्ही म्हणतो. त्यात अग्नी व उष्णता यांनाही प्रभूची स्तुती करावयास सांगितलेले आहे. एप्रिल महिन्यात ते म्हणताना आमचे ओठ अडखळतात, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही. उन्हाचा त्रास होणे हे पाप नव्हे, आणि त्यापासून आसरा शोधणे हेही पाप नव्हे. परंतु या विशिष्ट यंत्राविषयी एक गोष्ट अशी आहे की, ती न समजता जो ते घरात आणील तो कदाचित घरातल्याच दुसऱ्या कोणाचे तरी नुकसान करील. आम्ही स्वतः ते केलेले आहे. त्याची हकीकत पुढे येईल. आधी यंत्र काय आहे ते पाहू.

उन्हाळ्यात स्वयंपाकघर थंड व्हावे म्हणून फ्रिजचे दार उघडे ठेवणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. दारासमोर उभे राहिले तर क्षणभर बरे वाटते. परंतु फ्रिजच्या पाठीमागे हात लावून पाहावा, तेथे तो तापलेला असतो. आतली उष्णता तो मागे टाकतो, आणि ही उचलाउचल करण्यात जी वीज खर्च होते तिचीही उष्णताच होते. म्हणून फ्रिजचे दार दिवसभर उघडे ठेवले तर स्वयंपाकघर थंड न होता उलट अधिक तापते. गारवा उत्पन्न करणारे यंत्र जगात नाही. एका ठिकाणची उष्णता उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन टाकणारी यंत्रे तेवढी आहेत, आणि एसी हे त्यांपैकीच एक होय.

भिंतीवरच्या एसीचे दोन भाग असतात. उष्णता टाकणारा भाग घराबाहेर टांगलेला असतो. चाकांवरच्या एसीत दोन्ही भाग एकाच पेटीत, आणि ती पेटी आपल्या खोलीत! म्हणून तिला हत्तीच्या सोंडेसारखा एक जाड पाइप असतो. पेटीत जमलेली गरम हवा त्या सोंडेतून बाहेर जाते. सोंड काढली, किंवा ती खोलीतच मोकळी सोडली, तर आपण फ्रिजचे दार उघडे टाकून बसलो असे समजावे. हल्ली जाहिरातींतून दोन-तीन हजार रुपयांत ‘मिनी एसी’ म्हणून लहानशा पेट्या विकतात. त्यांना असा पाइप नसतो. आत पाण्याची टाकी व पंखा असतो. तो एसी नव्हे, लहानसा कूलर होय. आमच्या धर्मग्रामातील एका विधवा बाईंनी पेन्शनच्या पैशांतून अशी एक पेटी मागविली व ती आम्हांस मोठ्या आनंदाने दाखविली. त्या वेळी आम्ही काही बोललो नाही. पुढच्या खरेदीपूर्वी विचारा, एवढेच म्हणालो.

कूलर वाईट असे मात्र कोणी समजू नये. बेळगावच्या पूर्वेकडील कोरड्या गावांत, किंवा आमचे वाचक जेथे पिढ्यान् पिढ्या राहिले आहेत त्या इंदूर, ग्वाल्हेरकडे, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात चांगला कूलर थोड्या विजेवर पुष्कळ काम करतो. त्यास खिडकी उघडी लागते, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. गोव्यातील वाचकांस त्याचा उपयोग थोडा. तेथील हवाच पाण्याने भरलेली, तीत आणखी पाणी घालून काय होणार? एसीचे याच्या उलट, त्यास दारे-खिडक्या बंद लागतात. एकाच खोलीत दोन्ही लावून बसलेले लोकही आम्ही पाहिले आहेत.

चाकांवरच्या एसीची आणखी एक खोड आहे. सोंडेतून जी हवा बाहेर जाते ती खोलीतलीच हवा असते. तेवढीच हवा दाराच्या फटीतून, कौलांतून, शेजारच्या खोलीतून आत ओढली जाते, आणि ती गरम असते. म्हणून हे यंत्र भिंतीवरच्या एसीपेक्षा तेवढ्याच विजेत कमी गारवा देते. दोन पाइपांची यंत्रेही मिळतात. ती बाहेरची हवा आत ओढून तीच बाहेर टाकतात, व थोडी बरी चालतात. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही. फायदा इतकाच की भिंत फोडावी लागत नाही, भाड्याच्या घरात चालते, आणि नेता येते. या ‘नेता येते’कडे आम्ही पुन्हा येऊ.

आता आमची हकीकत. २०२४ च्या ईस्टरनंतर आम्ही विषमज्वराने अंथरूण धरले होते. रुग्णालयातून परतलो तेव्हा उन्हाने कहर केला होता. धर्मग्रामाच्या लोकांनी आम्हांस न सांगता वर्गणी केली व एक चाकांचा एसी आणून आमच्या खोलीत ठेवला. लोकांचे प्रेम पाहून आम्हांस भरून आले. जुन्या धर्मगुरुनिवासाच्या खिडक्यांस उभे लोखंडी गज आहेत, त्यांतून सोंडेचे तोंड जाईना. सुतार लग्नास परगावी गेलेला. तेव्हा यंत्र बसविणाऱ्या तरुणांनी तात्पुरती म्हणून ती सोंड दारावरच्या झरोक्यातून मागच्या बोळात सोडली. तात्पुरती सोय म्हणजे काय असते हे वाचकांस सांगणे नलगे.

त्या बोळावर पत्रा आहे, आणि त्या बोळात आमचे स्वयंपाकी काका निजतात. तीस वर्षे त्यांनी या घरात एकामागून एक आलेल्या धर्मगुरूंस जेवू घातले आणि त्रिकाळ घंटा दिली. वय सत्तरीच्या पुढे. आम्ही नऊ रात्री उत्तम झोपलो. दहाव्या रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली, खोली कोंदट झाली, म्हणून आम्ही मागचे दार उघडले, तो बेकरीच्या भट्टीचे दार उघडावे तशी धग तोंडावर आली. काकांचे अंथरूण रिकामे होते. ते बाहेर पायरीवर, डोक्यावर ओला पंचा टाकून, डास मारीत बसले होते.

“काका, किती दिवस असे बसता?” आम्ही विचारले.

“आपण आजारी होता फादर,” ते म्हणाले. “मला काय, मी उन्हातलाच माणूस.”

दुसऱ्या दिवशी सोंड काढू असे आम्ही ठरविले. दुसऱ्या दिवशी एक दफनविधी आला, आणि ते राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी आंजेलुसची घंटा अर्ध्यावर थांबली. धावत गेलो तो काका दोरापाशी पडलेले, अंग तव्यासारखे, आणि ते आम्हांस आमच्या आधीच्या धर्मगुरूंच्या नावाने हाक मारीत होते. शाळेतील सिस्टरांनी त्यांच्या अंगावर बादल्या ओतल्या. पोरांनी समोरच्या दुकानातून बर्फ आणला, तो कपड्यात गुंडाळून बगलांत व मानेशी धरला, आणि गाडी येईपर्यंत वारा घातला. ते वाचले, आणि त्या सिस्टरांमुळेच वाचले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “हे झोपतात कुठे?” या साध्या प्रश्नाचे उत्तर देण्यास आम्हांस फार वेळ लागला.

ज्यास उष्माघात म्हणतात तो हाच. उन्हात काम करणाऱ्यासच तो होतो अशी समजूत आहे. तो तापलेल्या घरात, रात्रीमागून रात्र झोप न मिळालेल्या म्हाताऱ्या माणसासही होतो. उतारवयात तहान कमी लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी आणखी कमी होते. अशांनी उन्हाळ्यात गोळ्यांविषयी डॉक्टरांस विचारावे. आपल्या मनाने बंद करू नयेत. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे लागले, की सावलीत नेऊन अंग भिजवावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकास फोन करावा. तापाची गोळी येथे काम करीत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, काहीही घालू नये. पवित्र तेल घेऊन धावत येण्यास आम्ही सदैव तयार आहोत, परंतु पहिला फोन आम्हांस नको, १०८ ला करावा.

केवळ पंख्यावर किती विसंबावे, हेही येथेच सांगतो. खोलीतील हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर लोटतो, आणि शरीर थंड होण्याऐवजी तापते. तेव्हा ओला पंचा, हातपाय पाण्यात, आणि घरातील सर्वांत थंड जागा, हेच खरे. आमच्या आजोळी दुपारी सगळे माजघरात सारवलेल्या जमिनीवर निजत असत, ते उगाच नव्हे.

या यंत्राचा पूर्वज कोणासाठी निर्माण झाला, हे आम्हांस पुढे वाचनात सापडले, आणि ते वाचून आमची आणखी थोडी शोभा झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर अपॅलाचिकोला नावाच्या गावी जॉन गोरी नावाचे एक डॉक्टर होते. १८४० नंतरच्या दशकात त्यांच्याकडे तापाचे रोगी येत. त्यांच्यासाठी त्यांनी खोलीत छताजवळ भांड्यात बर्फ टांगला. गार हवा जड, ती खाली रोग्यांवर उतरे. बर्फ उत्तरेकडून जहाजाने येई व महाग पडे. म्हणून त्यांनी बर्फ करणारे यंत्रच बनविले आणि १८५१ साली त्याचे पेटंट घेतले. धंदा काही जमला नाही. १८५५ साली ते वारले. पुढे १९०२ साली विलिस कॅरिअर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी हवा कोरडी व थंड करण्याची योजना केली, ती कागद दमट होऊन फुगू नये म्हणून. म्हणजे आधी रोगी, मग कागद, आणि सुखवस्तू माणसाचा क्रम बराच मागून लागलेला आहे. दुकानात ‘एक टनाचा एसी’ म्हणतात, तो टनही यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी उष्णता ते यंत्र त्याच वेळात खोलीतून काढते. डॉ. गोरींचा बर्फ असा अजून त्या नावात आहे.

विजेचे थोडक्यात सांगतो. एक टनाचे चाकांचे यंत्र सुमारे १२०० ते १४०० वॉट वीज घेते. रात्रीचे आठ तास चालविले तर दहा युनिटांच्या आसपास जातात. तेवढ्यात पंचाहत्तर वॉटचे सोळा-सतरा पंखे चालतील. ते टीव्हीच्या लहान प्लगवर लावू नये. त्यास १६ अँपिअरचा पॉवर प्लग, जाड वायर व खरे अर्थिंग हवे. खरे म्हणण्याचे कारण, आमच्या गावी निम्म्या घरांत अर्थिंगची वायर भिंतीत शिरते आणि पुढे कोठेच जात नाही. एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच लावू नये. लाईट जाऊन आली की तीन-चार मिनिटे थांबून मगच यंत्र सुरू करावे. तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवावे व वर पंखा हळू चालवावा. नव्या घरगुती एसींत २०२० पासून सुरुवातीचे तापमान २४ अंशच ठेवण्याचा सरकारी नियम आहे, आणि एक अंश वर ठेवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे सरकारचे वीजबचत खाते सांगते. अठरावर लावून रजई घेणे हा मूर्खपणा होय. त्यास दुसरा शब्द आम्हांस सुचत नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वाढत्या गरजांचे व घातक सवयींचे उदाहरण म्हणून नेमका एसीचाच उल्लेख केला आहे. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तो उतारा दाखवून आमच्या खोलीतील यंत्राकडे सूचकपणे पाहिले होते. टीका योग्य होती. तथापि ती घरोघरी मागणी वाढवीत नेणाऱ्या बाजारावर आहे. धापा टाकणाऱ्या म्हातारीच्या उशाशी ठेवलेल्या यंत्रावर ती नाही, असे आमचे मत आहे.

आता पत्रलेखिका भगिनींस. पैसे दिरांनी घरासाठी पाठविले आहेत, ते घरासाठीच लागावेत. आपल्या घरावर सिमेंटचा स्लॅब आहे असे आपण लिहिता. तर यंत्र घेण्यापूर्वी त्यातील थोडे पैसे चुन्यावर खर्च करावेत: गच्ची झाडून, चुन्याची निवळ सरस घालून दोन हात द्यावी. पांढरे छप्पर ऊन परत फेकते, आणि रात्री स्लॅब जी धग खाली सोडतो ती कमी होते. हे आम्ही घरगुती शहाणपण म्हणून सांगत नाही. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तेलंगणात तर २०२३ पासून थंड छपरांविषयी सरकारी धोरणच आहे. हैदराबादकडील आमच्या वाचकांनी त्याची चौकशी करावी.

चुना दिल्यावरही यंत्र हवे असे वाटले तर घ्या, खुशाल घ्या. परंतु ते माडीवर नको. स्लॅबखालची ती खोली इतकी तापलेली असते की लहान यंत्र तेथे रात्रभर धापा टाकील. माजघरासही खिडकी नाही. तेथे ठेवले तर सोंड स्वयंपाकघरात काढावी लागेल, आणि मग पहाटे चुलीपाशी बसणाऱ्या आपण आमच्या काकांच्या जागी असाल. तेव्हा सासूबाईंची खाट सोप्यात हलवावी. सोप्यास रस्त्याकडे खिडकी आहे. सुताराकडून तिच्या एका फळीस गोल भोक पाडून घ्यावे व सोंड शक्य तेवढी आखूड व सरळ ठेवावी. त्या खिडकीबाहेर कोणी निजत नाही, शेजाऱ्याचे दार येत नाही, हे पाहून घ्यावे. टीव्ही माजघरात जाईल. मुले रुसतील; पण अभ्यास करावयास व निजावयास तीही आजीपाशी सोप्यात येतील, कारण गारवा तेथे आहे. यजमानांनीही तेथेच अंथरूण घालावे. एका बंद खोलीत सहा माणसे निजली तर यंत्रास काम अधिक पडते हे खरे, परंतु दोन यंत्रांपेक्षा ते स्वस्त.

आणि सासूबाईंस एकदा विचारावे. त्यांस आवाज सोसत नसेल, गार वाऱ्याने गुडघे धरत असतील. आमच्या धर्मग्रामात एका आजींच्या अखेरच्या दिवसांत आम्ही स्वतः हे यंत्र ढकलत नेले होते. त्यांनी एक रात्र ते सोसले, आणि सकाळी पवित्र ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही गेलो तेव्हा म्हणाल्या, “फादर, ही गिरणी बंद करा आणि ती खिडकी उघडा, मला झाड दिसू द्या.” आम्ही बंद केले. त्याच आठवड्यात ते यंत्र पलीकडच्या आळीतील एका बाळंतिणीकडे गेले, आणि तेथे ते दीड महिना राहिले.

होय, आमच्या खोलीत ते आता नाही. उन्हाळ्यात ते धर्मग्रामाचे आहे; रविवारी मिस्सेनंतर नाव सांगावे, वायरमन आधी जाऊन प्लग पाहतो, मग यंत्र जाते. चाके त्यास त्यासाठीच आहेत असे आम्ही धरून चालतो. काकांसाठी बोळ सोडून पूर्वेकडची लहान खोली मोकळी केली आहे. यंत्र मात्र ते काही केल्या तेथे ठेवू देत नाहीत. कानात वारा शिरतो म्हणतात. परंतु दर शनिवारी, वेदीवरच्या मेणबत्त्यांचे स्टँड घासून झाले की, ते ज्या घरी यंत्र असेल त्या घरी जातात, त्याची जाळी काढून नळाखाली धुतात, उन्हात वाळवून परत बसवितात, आणि निघताना बाहेरच्या बाजूने फेरी मारून सोंडेचे तोंड कोठे उघडते ते पाहून येतात.